टेलरबाईंचा पीक टाइम

प्रिय ईरा आणि निनाद,

मागच्या रविवारी आमच्या सौंसरच्या विहारात टेलरबाईंचा पहिला स्मृतिदिन झाला. बोलणाऱ्यांपैकी एका गृहस्थांनी माइक हातात घेऊन सांगितलं, की टेलरबाई फार सोशिक होत्या, आयुष्यभर मुकाट्याने सहन केलं. लोकांनी माना डोलावल्या. मी मागे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. मला इतका राग आला, की घरी आल्यावर चहासुद्धा न घेता मी ही वही काढली. माणूस जाऊन वर्ष होत नाही तोच लोक त्याला इस्त्री करून, घडी घालून ठेवतात. ईरा, तुझा पिवळा फ्रॉक त्यांनीच शिवला होता, आणि तू हलू नयेस म्हणून तुला दरडावलंही होतं. तेवढीच तुमची ओळख. पुढे कोणी तुम्हाला त्या सोशिक होत्या असं सांगितलं, तर त्यावर विश्वास ठेवू नका. त्या भांडत असत. आवाज न चढवता, गळ्यात टेप अडकवून, हातातलं काम न थांबवता भांडत असत.

गल्लीत सगळे त्यांना टेलरबाईच म्हणत. माहेर पांढुर्ण्याचं, सासर सौंसरचं. नवरा ट्रॅक्टर चालवायचा. मुलगी प्रज्ञा तिसरीत असताना तो तापाने गेला, आणि तेव्हापासून टेलरबाई सासरच्या घरातल्या समोरच्या खोलीत शिवणकाम करू लागल्या. घर दोघा भावांचं, पण कारभार थोरल्याचा. नवऱ्याच्या थोरल्या भावाला आमच्याकडे भासरे म्हणतात. या भासऱ्यांची बोरगावच्या रस्त्याला संत्र्याची लहानशी बाग आहे. माणूस वाईट नव्हे, पण घरातली प्रत्येक वस्तू आपल्याला विचारून चालते, असा त्यांचा समज होता. विजेचं मीटरही त्यांच्याच नावावर होतं.

टेलरबाईंना अंदाज हा प्रकार खपत नसे. बायका जुना ब्लाऊज आणून म्हणत, "याच मापाचा शिवा." त्या तो बाजूला ठेवत आणि टेप काढत. "हा ब्लाऊज तवाचा आहे. तुम्ही आताच्या आहा." एखादी पोटाचं माप देताना श्वास ओढून धरायची, तर म्हणत, "सोडा जी श्वास. मापाले कायची लाज? लाजलं तर कापडच वाया जाते." मी स्वतः तीस वर्षं मुलींना इंग्रजी शिकवलं. नीट मोजल्याशिवाय बोलू नये हे मात्र मला त्यांच्याकडून शिकावं लागलं, आणि ते कसं, तीच गोष्ट मला सांगायची आहे. तिच्यात माझी एक चूक आहे.

गल्लीत नवी मीटरं बसली, आणि त्यांच्याबरोबर फोनमध्ये घ्यायचं वीज वाचवण्याचं एक ॲप आलं. कोणत्या तासाला किती युनिट जळलं ते त्यात दुसऱ्या दिवशी दिसे. काय बंद ठेवावं याच्या सूचनाही येत. आपण मराठी बोलणारे असलो तरी राहतो मध्य प्रदेशात, त्यामुळे सूचना हिंदीत. बहुतेकांनी ॲप घेतलं, एकदा उघडलं आणि विसरले. भासरे विसरले नाहीत. घराचा वापर वाढल्याचं त्यांना दिसलं होतं, आणि कारण त्यांनी न बघताच ठरवलं होतं: समोरच्या खोलीतली शिलाई मशीनची मोटर. त्यात दिवाळीच्या सुमारास एक दिवस त्यांना सूचना आली, ‘पीक टाइम में भारी मशीनें बंद रखें।’

टेलरबाई ते वाक्य खडूने कापडाच्या चिंधीवर उतरवून माझ्याकडे आल्या.

"मॅडम, हे वाचा बरं जी. भाऊजी म्हणून राहिले का फोनमंदी माही मशीन बंद करायचा हुकूम आला."

मी चष्मा लावून वाचलं, आणि वर्गात सांगावं तसा अर्थ सांगितला. पिकाच्या काळात जड यंत्रं बंद ठेवा. वर माझी पुस्तीही जोडली, की हंगामात वावरातल्या मोटारींना वीज जास्त लागते, म्हणून गावातल्यांनी कमी वापरावी असं म्हणत असतील.

"मंग कवालोक?"

"पीक निघेपर्यंत."

त्यांनी बोटं मोजली. "संत्रा, कापूस, मंग गहू. म्हंजे होळीलोक." मग म्हणाल्या, "पण माही मशीन भारी नाई, मॅडम. एका हातानं सरकते."

मी हसले. हसायला नको होतं. त्याच दिवशी भासऱ्यांनी गल्लीत सांगितलं, "मॅडमनं बी तेच सांगतलं." इंग्रजीत एम.ए. झालेल्या बाईचा शिक्का बसला. मोटर बंद म्हणजे काम निम्मं, आणि काम निम्मं झालं की ती खोली संत्र्याच्या पेट्या ठेवायला मोकळी, हे भासऱ्यांच्या मनात आधीपासून होतं. टेलरबाईंना ते माहीत होतं. खोली गेली असती, तर त्या घरात त्यांना चुलीजवळच्या कोपऱ्याशिवाय जागा उरली नसती.

दुसऱ्या दिवशी भासरे मोटर काढायला पकड घेऊन आले. टेलरबाईंनी ती आधीच काढून, फडक्यात गुंडाळून खुर्चीवर ठेवली होती. माळ्यावरचं जुनं लोखंडी पायडल खाली आलं होतं आणि मशीन त्याच्यावर चढली होती. त्या पाय मारत म्हणाल्या, "लाईन तुमची, भाऊजी. पाय माहे." आमच्याकडे विजेला लाईन म्हणतात. भासरे मोटर उचलून गेले.

तो सगळा हिवाळा त्यांनी पायाने शिवलं. शाळेच्या गणवेशाचं काम एकही परत पाठवलं नाही. सकाळी फिरायला जाताना मला पायडलची खडखड ऐकू यायची, आणि दुपारी बाजारातून येतानाही तीच. संक्रांतीच्या सुमारास त्या उठताना भिंतीला हात लावू लागल्या. मी विचारलं, तर म्हणाल्या, "गुडघे बोलून राहिले. बोलू द्या. मी आयकतच नाई."

पण नुसतं पाय मारत बसणाऱ्या त्या नव्हत्या. आपल्यावर जे माप लावलं, ते आपल्या डोळ्यांनी बघायचं त्यांनी ठरवलं. ॲप आपल्या फोनमध्ये हवं. त्यासाठी लागणारा आकडा मात्र मीटर ज्याच्या नावावर, त्याच्याच फोनवर येई. भासऱ्यांचा फोन जुना, बॅटरी लवकर उतरणारा. बागेत जाताना ते तो घरी चार्जिंगला लावून जात. टेलरबाईंनी जाऊबाईंना, म्हणजे भासऱ्यांच्या बायकोला, स्वयंपाकघराच्या दारातून हाक मारली.

"जाऊबाई, भाऊजीच्या फोनवर सहा आकडे आले का?"

"आले बाप्पा. कायचे आहेत?"

"घराचे आहेत. घर तुमचं बी आहे ना? मंग वाचा."

जाऊबाईंनी पोळी लाटता लाटता मोठ्याने आकडे वाचले. टेलरबाई सातवी शिकलेल्या, पण आकड्यांना घाबरत नव्हत्या. ॲप उघडलं. हे मला जाऊबाईंनीच पुढे सांगितलं, आणि सांगताना त्या इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं.

आठवडाभराने टेलरबाई पुन्हा माझ्या ओट्यावर. या वेळी हातात फोन. "मॅडम, एक विचारू? हे पीक रोज संध्याकाळी सहाले येते अन् दहाले संपते. ‘पीक टाइम समाप्त’ असं लिहून येते, रोजच्या रोज. कोणतं पीक आहे हो हे?"

मी फोन हातात घेतला. चिंधीवरचं वाक्य मी तेव्हा मनात वाचलं होतं. आता मोठ्याने वाचलं, ‘पीक टाइम’, आणि माझ्याच कानांना ते ऐकू आलं. तो शब्द मराठी नव्हता, हिंदीही नव्हता. इंग्रजी होता. सगळ्यांची दिवाबत्ती, पंखे, टीव्ही एकदम चालू होतात ती संध्याकाळची गर्दीची वेळ. देवनागरीत लिहिला म्हणून मी तो शेतात नेऊन पेरला. तीस वर्षं ज्या भाषेवर माझा संसार चालला, तिचा एक चार आण्याचा शब्द मला ओळखता आला नाही, आणि त्यापायी ही बाई तीन महिने पायडल मारत होती.

मी तसं सांगितलं. काही न लपवता सांगितलं. मग त्यांना हसू फुटलं. "म्हंजे मी दिवसा शिवून राहिली होती, तवा पीक नव्हतंच!"

मी माफी मागू लागले, तर त्यांनी हात वर केला. "तुमची चूक शब्दाची होती, मॅडम. भाऊजीची नियतची आहे. दोन्हीले एकच माप कशाले लावू?"

मी लगेच भासऱ्यांकडे गेले. चूक मी केली होती, तर ती निस्तरायला मीच जायला हवं होतं. ते अंगणात संत्र्याच्या पेट्यांना खिळे मारत होते. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"पीक म्हंजे पीक नाई, हे मानलं मॅडम. पण मशीन तर मशीनच आहे ना? लाईन तर तेच खाऊन राहिली."

मागून टेलरबाई म्हणाल्या, "मंग मोजू."

त्यांनी मांडलेला प्रयोग कोणत्याही शाळेत दाखवावा असा होता. दुसऱ्या दिवशी अकरा ते बारा घरातलं सगळं बंद, फ्रिजचीसुद्धा पिन काढलेली. भासऱ्यांकडून मोटर तासाभरासाठी मागून घेतली, आणि तो तास फक्त मशीन चालवली. बारा ते एक पुन्हा सगळं बंद, आणि फक्त भासऱ्यांच्या आंघोळीचं पाणी तापवायचा रॉड. भासरे रोज सकाळी ड्रममध्ये रॉड टाकून बागेकडे चक्कर मारायला जात आणि दोन तासांनी येऊन आंघोळ करत. एक ते दोन फक्त टेलरबाईंची इस्त्री, कारण "माहं बी दिसू द्या." जाऊबाई बटणांवर पहारा देत होत्या. भासरे खुर्चीत मनगटावरचं घड्याळ बघत बसले होते, कोणी लबाडी करू नये म्हणून.

तिसऱ्या दिवशी ॲपमध्ये तासांचे खांब उमटले. मशीनचा खांब टाचणीएवढा. रॉडचा गजासारखा उभा. इस्त्रीचा रॉडच्या निम्मा. टेलरबाईंनी फोन भासऱ्यांपुढे धरला. "माही मशीन सुटली. माही इस्त्री सापडली, थे मी कबूल करतो. आता रॉडचं तुम्ही बोला."

भासऱ्यांनी फोन बाजूला सारला. "ॲपचं काय खरं धरता?"

"दिवाळीले खरं होतं ना? तवा माही मोटर काढली."

जाऊबाईंनी पदर तोंडाला लावला. भासरे उठले. "आकडे दाखवू नको मले. मीटर माह्या नावावर आहे. मी म्हणन थेच होईन." आणि मोटर घेऊन आत गेले.

हे मी तुम्हाला मुद्दाम सांगते आहे. तुमच्या पिढीला वाटतं, आकडा दाखवला की माणूस ऐकतो. मलाही वाटत होतं. मी रडवेली होऊन घरी आले. टेलरबाई मात्र संध्याकाळी कोरड्या डोळ्यांनी आल्या आणि म्हणाल्या, "आज समजलं मॅडम. आकडा माह्या बाजूनं आहे, मीटर नाई. मले आता मीटरच पायजे."

मग सुरू झाल्या कार्यालयाच्या चकरा. पालिकेच्या कागदावर घर दोन्ही भावांच्या नावाने होतं, त्याची नक्कल त्यांनी काढली. नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला काढला. अर्ज हिंदीत होता, तो मी भरला, आणि या वेळी प्रत्येक शब्द आधी मोठ्याने वाचला. ‘उपभोक्ता का नाम’ या रकान्यापाशी खिडकीतल्या बाबूंनी विचारलं, "किसके नाम से?" टेलरबाईंनी नाव सांगितलं: शशिकला. इतक्या वर्षांत मी ते पहिल्यांदा ऐकलं. बाबू म्हणाले, घर के बड़े की सही लगेगी. टेलरबाई म्हणाल्या, "आणतो."

सही देणार कोण? भासरे अर्जाकडे बघायलाही तयार नव्हते. पण त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, आणि नवरीचे, करवल्यांचे, जाऊबाईंचे, सगळे ब्लाऊज टेलरबाईंनीच शिवायचे हे घरात गृहीत होतं. टेलरबाईंनी मापं घेतली. कापडं घेतली. घड्या घालून टेबलावर ठेवली, आणि मशीनवर झाकण टाकलं.

"शिवतो," त्या जाऊबाईंना म्हणाल्या. "पोरगी माही बी आहे. पण आपल्या मीटरवर शिवतो."

भासरे गरजले, की शेजारच्या रामाकोन्यात दुसरा टेलर आहे. जाऊबाई त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, "त्याच्याकडून तुमचा पायजमा शिवून घ्या. मी नाई घालत त्याचा ब्लाऊज." दोन दिवस मशीनवरचं झाकण निघालं नाही. तिसऱ्या दिवशी जाऊबाईंनीच अर्ज आणि पेन जेवणाच्या ताटाशेजारी ठेवलं. "सही करा जी. पोरीचं लग्न काही पिकाच्या टायमात नाई."

त्यांनी सही केली. मीटर लागलं. मोटर परत आली. लग्नाचे सगळे ब्लाऊज वेळेत झाले, आणि भासऱ्यांनी मांडवात पाहुण्यांना सांगितलं, की आमच्या धाकटीचं स्वतंत्र मीटर आहे. अभिमानाने सांगितलं. माणसं अशीही असतात.

गुडघे मात्र परत आले नाहीत. जिना चढताना त्या बाजूने चढत, एकेक पायरी. मी नजर वळवली की म्हणत, "पाहा जी, पाहा. लपवायचं काय त्याच्यात?"

त्यानंतर दर रविवारी विहारात वंदना झाली की बायका त्यांच्याभोवती फोन घेऊन बसू लागल्या. त्यांचा नियम एकच, ॲप स्वतःच्या फोनमध्ये घ्यायचं. कोणी नवऱ्याचा फोन पुढे केला, तर त्या हात लावत नसत. "चूल तू पेटवते, कूलरमंदी पाणी तू भरते, अन् पाहून थो राहिला काय?" एकीने सांगितलं, माझा फोन साधा आहे. तिला त्यांनी वहीत तासांचे रकाने आखून दिले आणि मीटरवरचा आकडा वाचायला शिकवलं. इस्त्री त्या स्वतः दुपारी एकदाच तापवत, दिवसभराचे कपडे साठवून. सहा ते दहाला त्या ‘गर्दीची वेळ’ म्हणत, आणि गल्लीतल्या बायकाही तेच म्हणू लागल्या.

ॲपवाल्यांना मात्र त्यांनी माफ केलं नाही. दर महिन्याला प्रज्ञाकडून त्या मराठीत अभिप्राय लिहून घेत आणि एकच तारा देत. ‘ॲप चांगलं आहे. पीक हा शब्द काढा. इथे पीक शेतात येते.’ प्रज्ञा म्हणे, "आई, चांगलं आहे तर पाच तारे दे ना." त्या म्हणत, "ब्लाऊज चांगला, पण बाहीच उलटी. किती देऊ?" उत्तरं येत, गोड, हिंदीत, आभार मानणारी. शब्द काही निघाला नाही. त्यांनी लिहिणं थांबवलं नाही.

गेल्या वर्षी पोटाचं दुखणं निघालं. नागपूरच्या बसने दोन-तीन वेळा नेऊन आणलं, आणि मग त्यांनीच आता पुरे म्हटलं. शेवटी भेटायला गेले तेव्हा त्या समोरच्या खोलीत खाटेवर होत्या आणि प्रज्ञा शिवत होती. प्रज्ञा नागपुरात शिवणाचं शिकून आली होती. आईला त्रास नको म्हणून तिने मोटर बंद केली, तर टेलरबाईंनी डोळे उघडले. "काहून थांबली? चालू दे. आवाज आला का मले बरं वाटते." मी हात धरून बसले. मला पुन्हा त्या तीन महिन्यांबद्दल काही बोलायचं होतं. त्यांनी ते ओळखलं आणि हळूच म्हणाल्या, "मॅडम, अर्ज तुम्हीच भरला होता. त्याचं बी माप धरा ना."

चार दिवसांनी त्या गेल्या. भासरे खूप रडले. त्यांचं रडणं मी खोटं मानत नाही.

परवा भासऱ्यांच्या मुलाने प्रज्ञाला सुचवलं, की आता दोन मीटर कशाला, एकच करून टाकू, आणि खोलीचंही बघू. मी तिथेच होते. प्रज्ञा बाही जोडत होती. ती म्हणाली, "मीटर राहीन. खोली बी राहीन." आणि टाका पुरा केला. मीटर तिच्या नावावर व्हावं म्हणून मी वारसाचा अर्ज भरायला घेतला होता. तिने तो घडी करून खणात ठेवला. म्हणाली, "विचारतील तवा देऊ. तवालोक आईचंच नाव राहू द्या."

तर मुलांनो, जे आहे ते असं आहे. समोरची खोली प्रज्ञाकडे आहे. मशीन तिथेच आहे, मोटरसकट, आणि रोज चालते. दाराच्या बाजूला मीटर आहे आणि त्याच्या कागदावर नाव आहे शशिकला.

तुमची आजी